यात्रेपूर्वी घोट्याचे माप

सम्मेदशिखरजीची वंदना म्हणजे चढण, टोंकांचे दर्शन आणि उतार मिळून सुमारे २७ किलोमीटरची पायपीट. पूर्वी पाय मुरगळलेल्या श्रावक-श्राविकांनी केवळ सूज उतरली म्हणून निघू नये; आधी फिजिओथेरपिस्टकडून घोट्याचे माप घ्यावे.

त्यासाठी गोनिओमीटर हा दोन भुजांचा कोनमापक असतो. त्याचा मध्य घोट्याच्या बाहेरील हाडाशी, एक भुजा पायाच्या बाहेरील लांब हाडाच्या रेषेत व दुसरी करंगळीकडील पावलाच्या कडेला समांतर धरतात. काटकोनातून निरोगी पाऊल वर सुमारे २० आणि खाली सुमारे ५० अंश वळते. मात्र माणसागणिक फरक असतो. म्हणून दुसऱ्या पायाशी तुलना आवश्यक.

वरचे माप गुडघा सरळ ठेवून व वाकवून, असे दोनदा घेतात. वाकवल्यावर पाऊल बरेच अधिक वर आले, तर पोटरीचा वरचा स्नायू आखडलेला. दोन्ही वेळी सारखेच अडले, तर खालचा स्नायू किंवा सांधाच. व्यायाम त्यावरून ठरतो.

पायऱ्या उतरताना मागच्या पायाचा घोटा बराच वाकावा लागतो. तो न वाकल्यास ताण गुडघ्यावर येतो. दुकानात आपण अंदाजाने तोलत नाही; पायाच्या बाबतीतही अंदाज नको. जय जिनेंद्र!