ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप स्वस्त झाला, पण पाईपच्या जोडातून गळणाऱ्या तेलाचं काय?

सोयाबीन निघालं की लातूर-नांदेडच्या काळ्या रानात रोटाव्हेटर फिरायला लागतो. जमिनीत ओल आहे तोवर हरभरा पेरायचा असतो. उन्हाळ्यात तोच ट्रॅक्टर पलटी नांगराला लागतो. आणि ऐन कामात मागच्या हायड्रॉलिक पाईपच्या जोडातून तेल टपकायला लागतं.

मग जोडाला चिंधी बांधायची, वरून तेल ओतायचं आणि काम पुढं रेटायचं. पण हे किती महागात पडतं? आणि हाताला किती धोका असतो? सोप्या भाषेत समजून घेऊया.

जीएसटीत नेमकं काय बदललं?

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेची ५६वी बैठक झाली. त्यात ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्के करायचं ठरलं. ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप, मागचे टायर आणि यादीतले इतर काही सुटे भाग १८ वरून थेट ५ टक्क्यांवर आले. २२ सप्टेंबरपासून हे दर लागू झाले.

समजा, पंपाची करापूर्वीची किंमत १०,००० रुपये आहे. आधी त्यावर १,८०० रुपये कर लागायचा, आता ५०० लागतो. म्हणजे १,३०० रुपये वाचले. पण पंप काही दरवर्षी बदलत नाही. वारंवार लागतं ते तेल, आणि वंगण तेलावरचा कर १८ टक्केच राहिला.

एका थेंबाचा हिशोब

साधारण २० थेंबांचं १ मिलिलिटर होतं. सेकंदाला एक थेंब गळला तर तासाला १८० मिलिलिटर. ८ तासांत जवळपास दीड लिटर! पंपावर वाचलेले पैसे थोड्या दिवसांतच मातीत जातात.

त्यात बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचं तेल एकच असतं. पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो, आवाज करतो, लिफ्ट धक्के देत उचलते. किरकोळ किमतीच्या ओ-रिंगकडं दुर्लक्ष केलं की खर्च पंपापर्यंत पोचतो.

गळती बोटानं शोधू नका

हायड्रॉलिकमध्ये दाब साधारण १५० ते २०० बार असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो २ बारच्या आसपास असतो. पाईपला सुईएवढं भोक असेल तर तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, हातमोजा असला तरी. बाहेरून फक्त टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आत मात्र तेल पसरत जातं आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागू शकतो.

असं झालं तर हळद लावून घरी थांबू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच जा. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. "दाबाचं तेल आत गेलंय" हे डॉक्टरांना आधी सांगा.

मग दुरुस्ती कशी करायची?

१. नांगर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा. हायड्रॉलिकचा लिव्हर दोन्ही बाजूंना दोन-चार वेळा हलवा, म्हणजे पाईपमधला दाब उतरतो. तेल गरम असेल तर निवू द्या.

२. जोड पुसून कोरडा करा. ट्रॅक्टर सुरू करून, लांब उभं राहून, काठीला बांधलेला पुठ्ठा जवळ धरा. तेल कुठून येतं ते पुठ्ठ्यावर दिसतं. उघडण्याआधी इंजिन बंद करून दाब पुन्हा उतरवा.

३. नट ढिला असेल तर दोन पाने वापरा. एकानं पाईप धरा, दुसऱ्यानं नट आवळा. पाईपला पीळ पडता कामा नये. जास्त जोर लावला तर बसायची जागा चिरते.

४. तरीही गळत असेल तर जोड उघडा. ओ-रिंग किंवा तांब्याचं वॉशर नवीन, त्याच मापाचं टाका. इथं टेफ्लॉन टेप चालत नाही. तेल आटे नाही, रिंग किंवा बसायची जागा अडवते. टेपचा तुकडा आत गेला तर व्हॉल्व्ह अडकतो.

५. पलटी नांगराचं कपलर जोडण्याआधी दोन्ही तोंडं पुसा. धुळीचा कण ओ-रिंग कापतो. काढल्यावर टोपी लावा.

६. पाईपची तार दिसत असेल किंवा फुगा आला असेल तर चिंधी, एम-सील काहीही टिकणार नाही. पाईप बदला. नवीन बनवून घेताना जुना नमुना न्या आणि दाबाची क्षमता तीच मागा.

७. शेवटी तेल भरा, नांगर काही वेळा उलटसुलट करून हवा काढा, पातळी पुन्हा बघा आणि पुठ्ठ्यानं तपासा.

पुरात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचं तेल दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी गेलंय. तिथं नुसती गळती काढून भागत नाही, तेलच बदलावं लागतं.

करकपातीनं मोठा खर्च थोडा हलका झाला, हे खरंच. पण तो खर्च येऊच नये, हे या छोट्या रिंगवर ठरतं. तुमच्या घरात, गावात जो कुणी ट्रॅक्टर चालवतो, त्याला निदान ते पुठ्ठ्याचं तेवढं नक्की सांगा.