पुवात जंतू नसतात तेव्हा…

पू म्हटला की जंतू, हे समीकरण आपल्या मनात पक्के असते आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. तथापि, अंगभर पुवाच्या बारीक पुटकुळ्या उठाव्यात, तीव्र ताप यावा आणि तरीही त्या पुवाच्या तपासणीत जंतू आढळू नयेत, असा एक दुर्मीळ विकार आहे. जनरलाइज्ड पस्च्युलर सोरायसिस हे त्याचे नाव. लिओ फॉन त्सुम्बुश यांनी १९१० मध्ये त्याचे वर्णन केले.

येथे संसर्ग त्वचेत नसतो. तो घशासारख्या अन्य ठिकाणी होऊन गेलेला असू शकतो. त्याचे निमित्त होऊन रोगप्रतिकारक यंत्रणा खवळते. काही रुग्णांत 'इंटरल्यूकिन-३६' या दाहकारक संदेशावरील नैसर्गिक लगाम जन्मतःच दुबळा असतो. मग पांढऱ्या पेशी त्वचेत दाटतात आणि त्यांचाच पू होतो. त्यामुळे हा विकार स्पर्शाने पसरत नाही; रुग्णाला दूर ठेवण्याचे कारण नाही.

निदानासाठी पुवाचे कल्चर, रक्ततपासणी आणि त्वचेची बायोप्सी करतात. अलीकडे घेतलेल्या प्रत्येक औषधाची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी, कारण काही औषधांमुळेही हुबेहूब असेच पुरळ उठते. ते औषध बंद केल्यावर पुरळ साधारणतः दोन आठवड्यांत ओसरते.

तीव्र अवस्थेत रुग्णालयात दाखल होणे आवश्यक असते. दाहलेली त्वचा पाणी, क्षार आणि उष्णता राखू शकत नाही. मूळ संसर्ग असल्यास प्रतिजैविके देतात. परंतु केवळ त्यांनी पुरळ शमत नाही. त्यासाठी सायक्लोस्पोरिन, ॲसिट्रेटिन किंवा जैविक औषधे वापरतात. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले स्पेसोलिमॅब थेट इंटरल्यूकिन-३६ च्या मार्गावर काम करते. ॲसिट्रेटिनमुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. म्हणून गर्भधारणा संभवत असेल, तर ते सहसा टाळतात.

सोरायसिसच्या रुग्णांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. स्टेरॉइडच्या गोळ्या वा इंजेक्शने स्वतःहून घेऊ नयेत आणि चालू असल्यास परस्पर थांबवू नयेत. प्रथम आराम वाटतो, पण औषध एकाएकी तुटले की हाच उद्रेक ओढवू शकतो. ताप, लालबुंद दुखरी त्वचा आणि पुटकुळ्या एकत्र दिसल्या, तर मलमाचे प्रयोग न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.