यादी कोणाची?

कॉलेज सुटल्यावर मी एका दुकानात संगणकावर लोकांचे अर्ज भरून देतो. परवा शिष्यवृत्तीचे पान हातून बंद झाले. कंट्रोल आणि एच ही बटणे एकदम दाबली की क्रोममध्ये पूर्वी पाहिलेल्या पानांची यादी उघडते, सुमारे ९० दिवसांची. माझे पान सापडले. पण त्याखालीच, आदल्या रात्रीच्या वेळेसकट, एका आजाराचे नाव (ते येथे लिहिणार नाही) आणि 'उपचाराचा खर्च' असे पाचसहा वेळा शोधलेले दिसले. रात्री माझ्याच खुर्चीत काका बसतात. ते हल्ली डबा तसाच परत का नेतात, ते कळले.

मालक म्हणतात, "संगणक माझा, यादीही माझी." मला हे मुळीच पटत नाही. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले. तो निकाल आमच्या दुकानापर्यंत कुठून पोचणार! मालकांनी कामाचा हिशेब जरूर मागावा. माणसाची काळजी कशाला चाळावी? आजोबांना अक्षरओळख नव्हती. त्यांची पत्रे पोस्टमन वाचून दाखवी. पण तो त्यांनी सांगितल्यावर वाची.

दुसऱ्या दिवशी यादी कशी पुसायची, ते मी काकांना दाखवले.

"का रे?"

"असंच," म्हटले.