ओवी कागदावर मावत नाही

शनिवारी क्रांती चौकात चहा पिताना एक मित्र म्हणाला, "जात्यावरच्या ओव्या? छापल्यात की सगळ्या! आता रेकॉर्डिंग कशाला?" डोक्यातच गेलं. (तोही सॉफ्टवेअरवालाच. बॅकअपचं महत्त्व त्याला मी सांगायचं!)

साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंड काढले. उपकारच आहेत. पण छापील ओवीत येतात फक्त शब्द. ओळ कुठे तोडली, कुठला शब्द परत घेतला, मध्येच 'बाई' कुठे आलं, हे कसं छापणार? आणि बऱ्याच पुस्तकांत खाली नुसतं 'पारंपरिक'. म्हणणारी बाई गायब!

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी एक लाखावर ओव्या लिहून घेतल्या, त्या बाईच्या नावागावासकट. बर्नार्ड बेल यांच्या मदतीने आवाजही टिपले. लांब कशाला, १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या त्यात आहेत. २०१७ पासून हा ठेवा 'पारी' या संकेतस्थळावर येऊ लागला. ऐका एकदा हेडफोन लावून, मग पुस्तक उघडा.

"मग झालं की काम!" इति मित्र. अरे, गावागणिक चाल बदलते. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. म्हणणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या.

मी तरी कुठला शहाणा? आजीच्या ओव्या मी वहीत उतरवल्या, सुवाच्य अक्षरात. मोबाईल खिशातच होता. वही अजून आहे, पण तिच्यातली एकही ओवी मला म्हणता येत नाही.