मातोश्रींची खासगी

इंदुरातील आपण मराठी मंडळी श्रावण वद्य चतुर्दशीस देवी अहिल्याबाईंच्या पालखीपुढे भक्तिभावाने माथा लववितो. परंतु त्यांचे वार्धक्य कशाच्या बळावर उभे होते, असे कोणी विचारल्यास उत्तर ठरलेले असते : पूर्वपुण्याई आणि शिवभक्ति. हे उत्तर फार सोयीचे आहे. म्हणूनच आम्हांस ते पटत नाही.

म्हातारपणाचे सुख मुलालेकरांवरच अवलंबून असेल, तर या बाईंइतके दुर्दैवी कोण? १७५४ त कुंभेरीच्या वेढ्यात पति पडला, १७६६ त सासरे गेले, १७६७ त एकुलता पुत्र मालेराव. १७९१ त जामात यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेली. त्यापुढे १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत त्या महेश्वरी जगल्या, त्या कोणाच्या आश्रित म्हणून जगल्या नाहीत.

याचे मूळ त्यांच्या सासरच्या पूर्वायुष्यात शोधावे लागते. विधवा सुनेस मल्हाररावांनी सती जाऊ दिले नाही, आणि माजघरातही कोंडले नाही. हिशेब, वसुली, तोफखान्याची तजवीजही तिच्यावर सोपविली. दुसरी गोष्ट कीर्तनांतून क्वचितच ऐकू येते. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर दिली होती. दौलतीहून निराळे असे हे उत्पन्न १७६१ त सासूकडून सुनेकडे आले. काशीपासून सोमनाथापर्यंतची मंदिरे, घाट, अन्नछत्रे या खासगीच्या आधाराने उभी राहिली. आपण ज्या देवळांत हात जोडतो, त्यांच्या पायाशी एका स्त्रीचा स्वतःचा पैसा आहे.

आता आपल्या घरात डोकवावे. भाऊबीजेची साडी पुढे करून बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेणारे, आणि वडिलांच्या तेराव्यानंतर आईचे पासबुक आपल्या कपाटात ठेवणारे सज्जन सभामंडपात पहिल्या रांगेत बसलेले दिसतात. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याने स्त्रीस तिच्या मिळकतीची पूर्ण मालकी दिली. २००५ च्या दुरुस्तीने कन्या वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राच्या बरोबरीस आली. कायदा पुढे गेला, कपाटाची किल्ली मात्र जागची हलली नाही. मुलांकडून निर्वाह मागण्याची सोय २००७ च्या कायद्यात आहे, हे खरे. परंतु पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करण्याचे धैर्य, जिने आयुष्यभर घरात ‘नाही’ म्हटले नाही, ती सत्तराव्या वर्षी कोठून आणणार?

यावर म्हणतील, “आमची आई सुखात आहे, तिला पैशाचे काय काम?” महाराज, चाळीस वर्षे ज्या बाईने आपल्या इच्छेने एक रुपया खर्चिला नाही, ती काय मागावे हेच विसरून जाते. तिच्या न मागण्याला आपण समाधान हे नाव दिले आहे. आणि ही सवय आज सुनेसही लावली जात आहे. तिचे म्हातारपण आजच, आपल्या डोळ्यांदेखत, घडत आहे.

देवळांच्या विश्वस्तांकडे आमचे एक मागणे आहे. संगमरवरी फलकावर ‘मातोश्रींच्या स्मरणार्थ’ अशी अक्षरे कोरून घेण्यास जो कोणी येईल, त्याची पावती फाडण्यापूर्वी त्यास विचारावे, की मातोश्री हयात असताना त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पैशातून, या देवापुढे काय ठेवले होते?