कागद मोठ्यांचे, शिक्षा लेकरांना

'घुसखोर शोधा' ही मोहीम कोणत्याही जातीधर्माच्या विरोधात नाही, ती फक्त बेकायदेशीर राहणाऱ्यांच्या विरोधात आहे, असे आपल्याला वारंवार सांगितले जाते. आम्ही पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कामगार वस्त्यांमध्ये मुलांसोबत काम करतो. त्यामुळे हे विधान तपासून पाहणे आम्हाला भाग आहे. पोलीस चौकशी करतात ती मोठ्यांच्या कागदांची. पण त्या चौकशीची भीती रोज जगते ते त्या घरातले सात-आठ वर्षांचे पोर. त्याने कोणती सीमा ओलांडली? त्याने कोणता कायदा मोडला?

आधी ही वस्ती कोणाची आहे ते पाहू. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, मग एमआयडीसी आली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आपलीच माणसे पोट घेऊन इथे आली आणि नाल्याकाठी, रेल्वेच्या कडेला झोपड्या टाकून राहिली. आज त्याच जागी दुसरी माणसे आहेत. चाकण, म्हाळुंगे, मोशी, चिखली, कुदळवाडी इथल्या पत्र्याच्या खोल्यांत आणि लेबर कॅम्पमध्ये बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, आसाम आणि पश्चिम बंगालचे मजूर राहतात. त्यात मुस्लिम आहेत, दलित आहेत, अतिमागास आहेत. गाव सुटण्याचे कारण तेच, ठेकेदारही तसाच. बदलली ती भाषा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत महापालिकेने हजारो बांधकामे पाडली. भंगाराची गोदामे, पत्राशेड, लहान वर्कशॉप काही दिवसांत भुईसपाट झाली. अनधिकृत बांधकाम, आगीचा धोका, इंद्रायणीचे प्रदूषण ही प्रशासनाची कारणे होती. पण त्याआधी 'इथे बांगलादेशी आणि रोहिंग्या लपले आहेत' हा राजकीय प्रचार जोरात झाला होता. तो इतका पसरला, की जेसीबी चालला तेव्हा शहरातल्या बहुतेकांना तो बेकायदेशीर शेडवर नाही, घुसखोरांवर चालतोय असेच वाटले. त्याच आठवड्यात, ११ फेब्रुवारीला, बारावीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली आणि २१ तारखेला दहावीची. ज्या घराचे गोदाम, दुकान, बापाचा रोजगार एका आठवड्यात गेला, त्या घरातल्या मुलाने पेपर कसा लिहिला असेल, हा प्रश्न कोणी विचारला का?

पहलगामच्या हल्ल्यानंतर मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने बांगलादेश आणि म्यानमारमधून आल्याचा संशय असलेल्यांची पडताळणी ३० दिवसांत करण्यास राज्यांना सांगितले. जूनमध्ये महाराष्ट्रातून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट बांगलादेशच्या हद्दीत ढकलण्यात आले. ते भारतीय आहेत हे पुढे आल्यावर त्यांना परत आणावे लागले. दिल्लीतून तर बीरभूमची एक गर्भवती बाई, तिचा नवरा आणि आठ वर्षांचा मुलगा यांना सीमेपार पाठवले गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर डिसेंबरमध्ये ती बाई आणि तिचा मुलगा परत आले. तो मुलगा त्या महिन्यांत परक्या देशात काय शिकला असेल? आपला देश आपल्याला कधीही फेकून देऊ शकतो, हेच ना?

ही बातमी दिल्लीची असली तरी ती मोबाईलवरून चाकणच्या खोलीत पोहोचते. आणि मग त्या खोलीतले मूल बदलते. दारावर थाप पडली की ते आईच्या मागे जाते. रात्री दचकून उठते, मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करते. शाळेच्या वेळी पोट दुखते आणि डॉक्टरला पोटात काही सापडत नाही. आई त्याला बजावते, 'बाहेर बांगला बोलू नकोस.' म्हणजे ज्या भाषेत ते पहिल्यांदा 'माँ' म्हणाले, तीच भाषा त्याला गुन्ह्यासारखी लपवावी लागते. घरात मराठी येते ती फक्त शाळेत जाणाऱ्या मुलीला. त्यामुळे घरमालकाला, ठेकेदाराला, चौकीतल्या साहेबांना उत्तर देण्याचे काम तेरा-चौदा वर्षांच्या मुलीवर पडते. आपला शब्द चुकला तर अब्बाला नेतील, हे ओझे घेऊन ती गणिताच्या तासाला बसते. शिक्षक म्हणतात, 'हिचे लक्ष नसते.' कसे असेल?

ही आमची भावनिक कल्पना नाही. अमेरिकेच्या आयोवा राज्यात १२ मे २००८ रोजी पोस्टव्हिल गावातल्या मांस कारखान्यावर छापा पडला आणि ३८९ कामगार पकडले गेले. संशोधकांनी नंतर जन्मनोंदी तपासल्या. छाप्यानंतरच्या महिन्यांत राज्यातील लॅटिनो मातांच्या पोटी कमी वजनाचे बाळ जन्मण्याचा धोका आदल्या वर्षीच्या तुलनेत २४ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतच जन्मलेल्या लॅटिनो मातांमध्येही तो वाढला, गोऱ्या मातांमध्ये वाढला नाही. म्हणजे छापा एका कारखान्यावर पडला, पण त्याची भीती कागद पक्के असलेल्या बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत गेली. उलट बाजूचा पुरावाही आहे. ओरेगॉन राज्यातील २०१७ च्या अभ्यासात, ज्या मातांना हद्दपारीपासून संरक्षण मिळाले त्यांच्या मुलांमधील चिंता आणि तणावाच्या आजारांचे प्रमाण ७.८ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आले. औषध आईच्या डोक्यावरची टांगती तलवार काढण्याचे होते, बरी मुले झाली.

आता कोणी म्हणेल, हा बंगाली मुसलमानांचा प्रश्न आहे, आंबेडकरी चळवळीचा काय संबंध? संबंध सांगतो. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. माणसाने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहून त्याला गुन्हेगार ठरवले. त्या कायद्याच्या १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची सोय केली. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. पण पिंपरीच्या भाटनगरात किंवा कोणत्याही पारधी पालावर जाऊन विचारा, पोलिसांची गाडी दिसली की पोरे आजही का पळतात. कायदा रद्द झाला, भीती मात्र आजीकडून नातवाकडे आली. संशय जन्मावरून, नावावरून, बोलीवरून लावला जातो तेव्हा तिथे जातीचेच तत्त्व काम करते, मग त्याला नाव काहीही द्या. खोली भाड्याने मिळावी म्हणून आडनाव लपवणाऱ्या आपल्या आईबापांनी हेच भोगले आहे.

कायदा काय सांगतो? १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्याने आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच टाकला होता, आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो तसाच ठेवला. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की हाती काही ठोस आधार असल्याशिवाय कोणालाही उचलून 'तू परदेशी नाहीस हे सिद्ध कर' असे म्हणता येणार नाही. संविधानाचे कलम २१ 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणते. कलम २२ प्रमाणे अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते, की वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही. हे सगळे त्या लेकरालाही लागू आहे, त्याचा बाप कोणत्याही देशाचा असो.

आपल्यातले काही तरुण विचारतात, 'हे लोक आले म्हणून आमच्या नोकऱ्या गेल्या ना?' तुमचा राग खरा आहे, पत्ता चुकीचा आहे. चाकणमध्ये कायम नोकरी संपवली ती कंत्राटी पद्धतीने. बंगालच्या मजुराला कमी पगारात राबवता येते, कारण तो घाबरलेला आहे. त्याला जितके घाबरवाल तितका तो स्वस्त होईल आणि तितकी तुमची मजुरी पडेल. या भीतीचा फायदा ठेकेदाराला होतो, तुम्हाला नाही. देशाच्या सुरक्षेचा मुद्दा म्हणाल, तर खरोखर बेकायदेशीर आलेल्याची चौकशी कायद्याने व्हावी, न्यायालयासमोर व्हावी. त्याला आमचा विरोध नाही. लेकरासमोर बापाची कॉलर धरून देश सुरक्षित होत नाही.

आणि एक गोष्ट विसरू नका. १९४६ मध्ये बाबासाहेब संविधान सभेत पोहोचले ते मुंबईतून नाही, बंगालमधून. जोगेंद्रनाथ मंडल आणि नामशूद्र समाजाने त्यांना पाठवले. फाळणीने ती जागा गेली आणि त्या समाजातले लाखो लोक निर्वासित झाले. त्यांतल्या काहींची गावे आज आपल्या गडचिरोली-चंद्रपुरात आहेत. ज्यांनी बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवले, त्यांच्या भाषेत बोलणारे मूल आपल्या शहरात तोंड दाबून जगते आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पडताळणी रात्री-अपरात्री आणि मुलांसमोर करू नये. आईबापांना एकाच वेळी नेऊन मूल एकटे ठेवू नये. तशी वेळ आलीच तर पोलीस ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकारी आणि बाल कल्याण समितीला तत्काळ कळवावे. मुलाला दुभाष्या म्हणून वापरू नये. शाळेचा हजेरीपट संशयितांची यादी करायला वापरू नये.

मागण्यांची निवेदने जिल्हाधिकारी कार्यालयात पडून राहतील हे आम्हाला माहीत आहे. तोवर करण्यासारखे बरेच आहे. प्रत्येक विहाराच्या अभ्यासिकेत या मुलांना बसायला जागा द्या. वस्तीतल्या कुटुंबांना कागदांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवायला सांगा. कोणाला नेले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्तींना तिथे मोफत वकील मिळतो. एकट्या पडलेल्या मुलासाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. आणि कुठलेही मूल बांगला बोलले म्हणून वर्गात 'ए बांगलादेशी' अशी हाक ऐकू आली, तर तिथल्या तिथे थांबवा. आपल्याला जातीवरून मारलेल्या हाका आपण विसरलेलो नाही.

जयभीम!