भाड्याची संगणक-प्रणाली आणि स्वावलंबन

संगणक-प्रणाली एकदाच विकत घेण्याचा व्यवहार मागे पडून आता ती इंटरनेटवरून मासिक भाड्याने दिली जाते. हा धंदा भरभराटीस येणार, हे भांडवलदारांचे भाकीत खरे आहे. ग्राहकाचे सारे दप्तर मालकाच्या यंत्रावर असल्याने त्याला सोडून जाणे परवडत नाही.

परंतु या दप्तराची किल्ली कोणाकडे? जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांपाठोपाठ मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या मुंबईस्थित तेल कंपनीची सेवा तोडली. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर ती पूर्ववत झाली.

आर. के. पुरमच्या सरकारी कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती झोहो या देशी खाजगी कंपनीच्या प्रणालीवर नेण्यात आली आहेत. पूर्वी हे काम १९७६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र स्वतः पाहत असे. विदेशी मक्तेदारी नको, हे योग्यच. पण सार्वजनिक काम खाजगी हाती सोपविणे म्हणजे स्वावलंबन नव्हे.

१९७८ साली आयबीएम देश सोडून गेली, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसीने पेलली. तीच सीएमसी २००१ साली टाटांच्या हवाली झाली. सूचना विज्ञान केंद्रास पुरेसा निधी व कायम कर्मचारी द्या, ही मागणी कर्मचारी संघटनांनी आता नेटाने लढविली पाहिजे.